वाढायची खिडकी

१

पिल्लाला भरवताना बोलायचं नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर गिळून टाकायची. अंगाला साबणाचासुद्धा वास नको. हे नियम तिला लग्नाआधीच सांगून झाले होते, आणि तिला ते आवडलेही होते. बोलायची तिला मुळातच हौस कमी. गप्प बसण्याचं कौतुक करणारी नोकरी आणि तसंच सासर एकाच आवारात मिळालं, आणखी काय हवं, असं तिची ताई म्हणाली होती. ताईला फोनवरून काहीही म्हणता येतं.

आवार समुद्रावर झुकलेल्या एका उंच कड्यावर होतं. जखमी शिकारी पक्ष्यांचं केंद्र. तारेला धडकलेले ससाणे, पंख मोडलेल्या घारी, एक डोळा गेलेलं आणि उरलेल्या डोळ्याने दुप्पट तुच्छतेने बघणारं घुबड. तिचा नवरा तिथला पशुवैद्य. सगळे त्याला डॉक्टर म्हणत, म्हणून तीही म्हणायची. पिंजऱ्यांच्या मागे, खडकाला पाठ लावून त्यांचं घर. घरात डॉक्टर, ती आणि सासूबाई.

त्या हंगामात वादळाने समुद्रगरुडाचं एक घरटं खाली आणलं. त्यातलं एकच पिल्लू जगलं, आणि त्याला माणूस न दिसू देता वाढवायचं होतं. त्यासाठी एक लाकडी खोली होती, वर जाळी, समोर पट्ट्यांमधून दिसणारा समुद्र. मागच्या भिंतीला चौकोनी भोक, आणि भिंतीमागे अंधारा बोळ. त्या बोळात ती काळा झगा घालून स्टुलावर उभी राहायची, कोपराच्या वरपर्यंत हात बाहुलीत घालायची आणि भोकातून आत द्यायची. पांढरं डोकं, राखाडी चोच, चोचीत माशाची पट्टी. वर टांगलेल्या स्पीकरमधून मोठ्या गरुडाची साद वाजायची. पिल्लू ओरडत, अर्धवट पंख फडफडवत धावत यायचं. आवाज एकीकडून येतोय आणि तोंड दुसरीकडे आहे, हे त्याच्या कधीच लक्षात आलं नाही. भूक लागलेली असताना कुणाच्या येतं?

बाहुली तिनेच केली होती. ओळखच त्यावरून झाली. ती एका नाटक कंपनीच्या कार्यशाळेत मुखवटे आणि बाहुल्या करायची, आणि डॉक्टर एक दिवस बिस्किटांच्या डब्यात गरुडाची कवटी घेऊन तिथे आला. आधीची बाहुली म्हणजे मोज्याला चिकटवलेली चोच होती.

"ही एवढी कशाने चिडलीये?" तिने कवटी हातात फिरवत विचारलं होतं.

"चिडलेली नाही. डोळ्यावर पुढे आलेलं हाड आहे ते. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून."

"म्हणजे आयुष्यभर रागावलेलं दिसायचं आणि कुणाला कारण सांगायचं नाही? मजा आहे."

तो हसला होता. ते हाड तिने बाहुलीत हुबेहूब उतरवलं. आपण त्या हाडाच्या प्रेमात पडलो की डॉक्टरच्या, हे तिने तेव्हाच नीट तपासून घ्यायला हवं होतं.

२

पिंजऱ्यांच्या रांगेच्या टोकाला म्हातारी राहायची. समुद्रगरुडाची पूर्ण वाढलेली मादी. वारा सुटला की ती पंख नुसते अर्धे उघडायची, आणि वारा तिच्या पंखांखाली येऊन उभा राहायचा. काळ्या आकड्यांसारख्या तिच्या नख्या पाहिल्या की लाटेतून मासा उचलताना काय होत असेल ते कळायचं. आणि तो डोळा. बघायचं ठरवलं की सरळ बघणारा, कुणाची भीड न धरणारा. काम संपलं की सून तिच्यासमोर उभी राहायची, उगाच, जीव भरेपर्यंत. घरात तसं बघणारं कुणी नव्हतं.

पण म्हातारी कधीच सुटणार नव्हती. तीही लहानपणी त्याच लाकडी खोलीत वाढली होती. भरवणाऱ्या बाईला एकदा बोळात हसू आलं, हात निसटला, बाहुली आत पडली आणि भोकात बाईचं तोंड दिसलं. तेवढंच. एकदाच.

"मग?"

"मग काय. आता ती माझ्या बुटांपाशी काटक्या आणून ठेवते," डॉक्टर म्हणाला. "घरटं करायला. दुसरा गरुड जवळ आला की कोपऱ्यात लपते. खरं तोंड दिसलं की संपलं. ती आता आपली नाही आणि त्यांचीही नाही."

तो हे सांगत असताना म्हातारी जाळीपाशी येऊन डॉक्टरपुढे मान वाकवत होती. एवढा मोठा पक्षी, एवढी रागीट भुवई, आणि त्याखाली ती लाचारी. सुनेने मान फिरवली.

३

घरात रागाची सुरुवात शेगडीवरून झाली.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात कुणी जायचं नव्हतं. दार आतून बंद. जेवणाच्या खोलीच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी होती, तिला सरकती फळी. जेवायच्या वेळी फळी सरकायची, सासूबाईंचा चेहरा किंचित कलून खिडकीत यायचा, मागोमाग हात यायचा, हिरव्या खड्याची अंगठी घातलेला, आणि हातात वाफाळतं ताट. "पोटभर जेव हं." फळी बंद. त्यांची खोली स्वयंपाकघराच्याही पलीकडे. त्या लोकांत यायच्या नाहीत. नोंदणी कार्यालयातल्या लग्नालाही आल्या नव्हत्या. सुनेचं तोंड त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते खिडकीतूनच, आणि म्हणाल्या होत्या, "गरम आहे, जपून."

पोटभर जेव हं. गरम आहे, जपून. अजून वाढू? एवढ्या तीन वाक्यांवर सासू-सुनेचं सुरळीत चालू शकतं, हे आधी कळलं असतं तर जगातली किती भांडणं वाचली असती, असं तिला वाटायचं. पण हळूहळू गंमत आटली. लग्न झाल्यापासून तिने स्वतःच्या हाताने चहासुद्धा केला नव्हता. चहाही खिडकीतूनच यायचा.

"मी करू का आज काही?" तिने खिडकीत विचारलं होतं.

"अजून वाढू?" सासूबाईंनी मायेने विचारलं होतं.

तिने ताईला फोन केला.

"थांब, नीट कळू दे," ताई म्हणाली. "सासू रांधते, तू आयतं गिळतेस, आणि राग तुला आलाय?"

"ताई, मला आत पाऊल टाकू देत नाहीत."

"माझ्या सासूला पाठवते तिकडे शिकवणीला. महिनाभर ठेवून घ्या. आत कोंडूनच ठेवा."

"त्या कधी बाहेरच येत नाहीत गं."

"असतात अशी माणसं. आमच्या शेजारी नव्हत्या का एक? दाराच्या फटीतून भाजीवाल्याकडे हात बाहेर काढायच्या. गेल्या तेव्हा कळलं उंच होत्या."

ती हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, की सासूबाई उंच आहेत की बुटक्या, हे आपल्याला माहीत नाही.

४

आधी चष्मा खटकला.

ताटातून वाफ वर यायची आणि तिच्या स्वतःच्या चष्म्यावर धरायची. रोज ती चष्मा काढून ओढणीला पुसायची आणि मग जेवायला लागायची. सासूबाईंचा चष्मा त्याच वाफेत असायचा, ताटाच्या अगदी वर, आणि कधीच धुरकट व्हायचा नाही. हे दिसलं त्या दिवशी ती घास हातात घेऊन बसून राहिली. मग तिने स्वतःला समजावलं. काचेवर कसलासा थर देतात हल्ली. किंवा नुसतीच चौकट असेल, सवयीने घातलेली. म्हातारपणी माणसं काय काय सवयी जपतात.

पण डोळा एकदा कामाला लागला की थांबत नाही. तिचं पोटच त्या कामावर भरत आलं होतं. बाहुली कशी वळते, माणूस कसा वळतो. माणूस आधी डोळे वळवतो आणि मग मान. सासूबाईंची मान आधी वळायची. कलण्याचा कोन रोज तोच. आणि आवाज. आवाज गोड होता, वयाला शोभणारा, पण तो तोंडातून येण्याऐवजी किंचित वरून यायचा. खिडकीच्या वरच्या काठाच्याही वरून. स्वयंपाकघरात घुमत असेल, तिने ठरवलं. भिंती दगडी आहेत. घुमणारच.

आणि मासा. घरात रोज मासाच असायचा. लग्नानंतर कितीतरी दिवस तिच्या ताटात काटे काढलेले तुकडे यायचे, एकसारखे, पट्ट्यांसारखे. तिला तेव्हा भरून आलं होतं. आईनंतर तिचे काटे कुणी काढले नव्हते. मग एक दिवस काटे तसेच आले. सासूबाईंची नजर कमी झाली असेल, असं म्हणून ती जपून जेवली. त्याच आठवड्यात डॉक्टर बोळाच्या दाराबाहेर म्हणाला, "आता पिल्लाला काट्यासकट द्यायचं. फाडून खायची सवय व्हायला हवी. शेवटी अख्खा मासा."

ती झग्यात होती, हातात बाहुली, एक पाय बोळात. बोळात बोलायचं नसतं, म्हणून बोलली नाही.

दुपारी तिने नवऱ्याच्या ताटात डोकावून पाहिलं. त्याच्या ताटात एकही काटा नव्हता. सगळे तुकडे एकसारखे, पट्ट्यांसारखे. तो मान खाली घालून भराभर जेवत होता, वर्तमानपत्र बाजूला पसरून.

"तुझे काटे अजून काढून येतात?"

"हं? आईला सवय आहे," तो म्हणाला. "लहानपणापासून."

५

भांडण झालं ते औषधांच्या खोलीत, एका ससाण्याच्या डोक्यावर. ससाण्याचा पंख डॉक्टरच्या हातात होता आणि पट्टी तिच्या.

"तू कधी गेलायस आत?"

"कुठे?"

"स्वयंपाकघरात."

"कशाला जाऊ?"

"म्हणजे कधीच नाही? लहान असताना? काही सांडलं, भाजलं, भूक लागली, आईला मिठी मारायची होती?"

तो पंखाचा सांधा चाचपत होता. "भूक लागली की ती खिडकीत येते. सगळ्यांच्या घरी असतं काहीतरी. तुझे वडील नाही का, झोपेत दिवे मोजायचे?"

"ते तेव्हा दिसायचे तरी. अख्खे, पायांपर्यंत."

"तुला नेमकं काय म्हणायचंय?"

काय म्हणायचंय ते तिलाही शब्दांत सापडेना, आणि त्याचाच संताप वाढला. हा माणूस दोनशे हात वरून जाणारी घार मादी आहे की नर ते सांगायचा. पंखाचं एक पीस कमी असलं तरी याला खालून दिसायचं. आणि घरात?

"पिल्लू सुटलं की मी जाणार," ती म्हणाली. "कार्यशाळेतल्या बाई परत बोलावतायत. एक खोली घेऊ. एक शेगडी. चहा मी करेन, करपवीन, काय वाटेल ते करेन. तू येणार असशील तर ये."

"आणि आई?"

"त्यांनाही आण."

"ती बाहेर येत नाही."

"मग एकदा आत जाऊन विचार ना."

त्याचा चेहरा असा झाला की ससाण्यानेही हालचाल थांबवली. त्याला राग आलेला नव्हता. बोळात कुणाच्या हातून बाहुली निसटावी, तशी ती भीती होती. तिने ती ओळखली. त्याने स्वतः ओळखली नसावी.

"बघू," तो म्हणाला. "पिल्लू तर सुटू दे."

६

पिल्लाच्या खोलीची समुद्राकडची भिंत पहाटे गुपचूप काढून ठेवतात. उघडलंय हे कुणी सांगायचं नाही, हुसकायचं नाही. त्याचं त्याला कळलं पाहिजे.

ऊन चढलं तेव्हा ते कडेला येऊन बसलं. तपकिरी, अजून पांढरं न झालेलं, पण भुवई पुरी झालेली. समोर वारा कडा चढून येत होता. पिल्लाने पंख उघडले, वाऱ्याने त्याला उचललं, आणि त्याने पंख हलवलेही नाहीत. नुसतं वर गेलं, उन्हात, आणखी वर. आपल्याला हे येतं हे त्याला ठाऊकच असल्यासारखं. सुनेचे डोळे भरले. एवढं देखणं आणि एवढं कृतघ्न तिने दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"वळून बघितलं नाही," डॉक्टर पुटपुटला. "छान. बघितलं असतं तर आपलं काम चुकलं असतं."

दुपारी दोघं जेवायला बसली. फळी सरकली. तिच्या ताटात अख्खा मासा होता, डोक्यासकट, डोळ्यासकट.

तिने ताट घेतलं नाही. "आई, आज तुम्ही बाहेर या. इथे बसा. मी वाढते."

चेहरा कलला. "पोटभर जेव हं."

"मी काय म्हणतेय, ऐकू येतंय का तुम्हाला?"

"गरम आहे, जपून."

"मला शेगडी दाखवा तुमची."

मान वळली. मग, उशिरा, डोळे. "अजून वाढू?"

ताट खिडकीच्या कठड्यावर राहिलं. फळी सरकली, ताटापुरती फट ठेवून.

"कशाला डिवचतेस तिला," डॉक्टर वर्तमानपत्रातून म्हणाला, आणि काटे नसलेला घास त्याने तोंडात टाकला.

"हात धुऊन येते," ती म्हणाली.

७

ती घराला वळसा घालून मागे गेली. स्वयंपाकघराची भिंत आणि खडक यांच्यामध्ये एक अरुंद, अंधारी वाट होती. इकडे ती कधी आली नव्हती, कारण वाटेच्या तोंडाशी सगळ्या आवाराचं मागचं फाटक होतं आणि ते कायम कुलूपबंद असल्याने तिथे कुणाला कामच पडायचं नाही. आज ते उघडं होतं. कुलूप नुसतं अडकवलेलं. फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यावर ऊन, खाली उतरत जाणारं वळण. कुणी काही सांगत नव्हतं, हुसकत नव्हतं.

एवढ्यावर तिला कळायला हवं होतं. कळलंही. आणि कळल्यामुळेच तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आपली वाढ पुरी झाली तर. काट्यासकट खाता येतं, आता जा. कुणी ठरवलं हे? ती फाटकाकडे पाठ करून त्या वाटेत शिरली. स्वयंपाकघराचं मागचं दार लोटलेलं होतं. तिने ते ढकललं.

आत शेगडी नव्हती. भांडी नव्हती. नळाच्या तोंडाला जुनं कोळिष्टक. ऊब मात्र होती, आणि माशाचा ओला वास. खिडकीशेजारच्या भिंतीवर एक डाग पडला होता, वर्षानुवर्षं कुणी खांदा टेकून उभं राहिल्यावर पडतो तसा, घासून गुळगुळीत झालेला. तो डाग तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होता. त्याखालच्या खुंटीला सासूबाई टांगलेल्या होत्या. चेहरा, मान, आणि शेजारी हिरव्या अंगठीचा हात. चष्म्याच्या चौकटीत काच नव्हती.

तिने चेहरा खुंटीवरून काढला. आतून तो कोमट होता. शिवण तिने सवयीने शोधली. शिवण कुठेच नव्हती.

मग तिला समोरचा कोपरा दिसला. दिसला म्हणजे तिथे अंधार जास्त होता, छतापासून जमिनीपर्यंत, आणि तो भिंतीला चिकटून उभा होता. अंग चोरून, एका बाजूला वळून, श्वास रोखून. अंगावर धावून येण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. ते लपत होतं. पिल्लाला आपण दिसू नये म्हणून ती स्वतः बोळात जशी उभी राहायची, अगदी तशीच काळजी त्या उभं राहण्यात होती. तशीच माया. तिला ओरडायचं होतं, पण इतक्या दिवसांच्या सवयीने तोंडातून आवाजच फुटेना.

"आई," बाहेरून डॉक्टरची हाक आली. "वाढ गं अजून."

कोपरा हलला नाही. हलणार नव्हता. ती तिथे असेपर्यंत ते भिंत सोडणार नव्हतं.

"आई?" रिकामं ताट कठड्यावर आपटलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. "फळी का अडकलीये?"

येऊ दे त्याला. ही तिची पहिली इच्छा होती, आणि ती मनापासूनची होती. येऊ दे, वाकू दे, बघू दे एकदाचं, आपण कुणाच्या हातचं खाऊन एवढे मोठे झालो. त्याची बोटं फळीच्या फटीत आली. नखं नीट कापलेली, स्वच्छ, पक्ष्यांना न दुखवणारी बोटं. आणि तिला म्हातारी दिसली, बुटांपाशी काटकी ठेवून मान वाकवणारी.

जमिनीवरून काहीतरी घासत आलं आणि तिच्या पावलापाशी थांबलं. ताट. भरलेलं, वाफाळतं, काटे काढलेलं.

शिव्या तिला येत होत्या तेवढ्या तिने मनातल्या मनात दिल्या. नवऱ्याला, ताईला, फाटकाला, स्वतःला. मग डावा हात चेहऱ्यात घातला. आत जागा खूप होती, खांद्यापर्यंत हात जाऊनही उरली. उजवा हात अंगठीच्या हातात, आणि त्या हाताने ताट उचललं. तिने कोपराने फळी सरकवली, भिंतीला अंग चिकटवलं आणि चेहरा खिडकीत नेऊन किंचित कलता केला. रोजच्या कोनात. पुढे काय करायचं या विचारात असतानाच तिच्या डोक्यावरून, अगदी उंचावरून, तो गोड आवाज आला.

"पोटभर जेव हं."

तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले. चेहऱ्याच्या कडेने तिला नवरा दिसत होता. हातातली मान चुकून डगमगली, आधी डोळे वळायला हवेत हे तिला जमलं नाही, अंगठीचं बोट वाकडं पडलं. आता पकडलं जाणार. डॉक्टरने ताट घेतलं, वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि जेवायला लागला.

इतकं बारीक काम, तिला वाटलं. भुवईचा केस न् केस. गालावरचा तीळ. कशाला एवढी मेहनत? मोज्याला चष्मा लावला असता तरी चाललं असतं. यानं कधी वर बघितलंच नाही.

तिने फळी ओढून घेतली. अंधारात, तिच्या मागे, उंचावर कुणीतरी इतका वेळ रोखलेला श्वास हलकेच सोडला, आणि तिच्या चष्म्यावर वाफ धरली. पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.